एकोणीस की एकोणतीस

टेकडीवरच्या वेधशाळेत टोपणनाव मिळाल्याशिवाय माणूस कायम झाला असं कुणी धरत नसे. एकदा ते चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव ऐकून माणूस स्वतःच दचकायचा. मोजणीताईचं असंच झालं. बाविसाव्या वर्षी ती तिथं कामाला लागली आणि पहिल्या आठवड्यातच मोजणीताई झाली. पुढं लग्न झालं, मुलगा झाला, केस पिकले, पण टेकडीवर ती मोजणीताईच राहिली.

ती घड्याळजीची मुलगी. वडिलांचं दुकान एवढंसं होतं की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं दारातूनच वेळ विचारावी. वडिलांचे हात पन्नाशीतच थरथरू लागले. गिऱ्हाईक समोर असेपर्यंत ते डोळ्याला भिंग लावून ऐटीत बसायचे, आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली की भिंग लेकीच्या डोळ्यावर जायचं. मोहरीच्या दाण्याहून लहान स्क्रू ती चिमट्यानं उचलून जागच्या जागी बसवायची. गावाला वाटायचं, घड्याळजींचा हात अजून काय पक्का आहे!

एकदा वेधशाळेचं मोठं लंबकाचं घड्याळ दुरुस्तीला आलं. ते परत बसवायला बाप-लेक टेकडीवर गेले, आणि ऐन वेळी एक स्क्रू फरशीच्या फटीत पडला. वडील गुडघ्यांवर बसून चाचपडत राहिले. तिनं एकदाच वाकून पाहिलं आणि चिमट्यानं तो अलगद काढला. वेधशाळेचे संचालक, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, मागं उभे राहून हे बघत होते.

"डोळे कुणाचे घेतलेस?" त्यांनी विचारलं.

"बाबांचे," ती म्हणाली. "हात आईचे."

साहेब हसले आणि तिला तळमजल्यावरच्या एका खोलीत घेऊन गेले. तिथं लोखंडी चौकटीवर काचेची एक मोठी प्लेट ठेवलेली होती, वर सूक्ष्मदर्शक होता. "यात बघ आणि काय दिसतं ते सांग."

तिनं डोळा लावला. "काळे ठिपके आहेत, पांढऱ्या काचेवर. साहेब, हे उलटं आहे का? आकाश पांढरं आणि तारे काळे?"

"अगदी बरोबर. ही निगेटिव्ह आहे. आता तो मधला ठिपका बारीक रेघांच्या फुलीवर आण आणि आकडा वाच. दहा वेळा."

तिनं दहा वेळा आणला. दहाही आकड्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापलीकडं फरक नव्हता. मोठे साहेब घड्याळजींकडं वळून म्हणाले, "सोमवारपासून पाठवा हिला." घड्याळजी खूशही झाले आणि धास्तावलेही. आता दुकानातले बारीक स्क्रू कोण बसवणार?

ती खोली उत्तरेकडं तोंड करून होती, म्हणजे ऊन आत येऊन काचा तापू नयेत. सहा टेबलं, सहा बायका. दूरदर्शक रात्री चालायचा, पण ही खोली दहा ते पाच. मोजणीताई पुढं हसून सांगायची, "मी चौतीस वर्षं आकाश मोजलं, पण सगळं दिवसाउजेडी. रात्री मी आपली गाढ झोपलेली." पलीकडच्या काळोख्या खोलीतून रसायनांचा आंबूस वास यायचा. कोपऱ्यात किटलीखाली शेगडी असायची आणि बाकी सगळा वेळ आवाज, नुसता आवाज. गणितं करायला हातानं फिरवायची यंत्रं होती. एका अंगाला दांडी, ती गरागरा फिरवायची, आकडा चाकांच्या पलीकडं गेला की आतली घंटा टिंग वाजायची. पाच यंत्रं एकदम चालू झाली की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. बोलायचं म्हणजे ओरडूनच.

त्यातलं सर्वांत जुनं यंत्र जिच्याकडं होतं ती दांडीबाई. मोजणीताईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, उंच, सरळ पाठीची. यंत्राची दांडी दिवसभर फिरवते म्हणून दांडीबाई. एरवी कामाला दांडी मारणं तिला माहीतच नव्हतं. नवा कुणी पाहुणा हे नाव ऐकून "का हो, फार दांड्या मारता का?" असं विचारायचा, तेव्हा ती न हसता म्हणायची, "दिवसाला चार हजार." दोघींची जोडी ठरून गेली. मोजणीताई प्लेट मोजायची आणि आकडे मोठ्यानं वाचायची, दांडीबाई ते कागदावर उतरवायची, परत वाचून दाखवायची, ताईनं "हो" म्हटलं की दांडी फिरू लागायची.

कामाचं स्वरूप शाळेतल्या हजेरीसारखं होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात हजारो लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. लहानमोठे धोंडेच म्हणा ना. ज्यांची कक्षा ठाऊक आहे ते ठरल्या वेळी ठरल्या जागी आहेत की नाहीत, हे फोटो काढून बघायचं. दूरदर्शक ताऱ्यांच्या चालीनं फिरवला की तारे ठिपक्यासारखे उमटतात, आणि लघुग्रह स्वतःच्या चालीनं सरकत असल्यामुळं त्याची इवलीशी रेघ होते. रेघ सापडली की हजर. नाही सापडली की शोधाशोध.

हे फोटो काढणारा माणूस म्हणजे रातकिडा. रात्रभर घुमटात एकटा बसायचा आणि दुपारी बाराला सुजलेल्या डोळ्यांनी प्लेटा घेऊन खोलीत यायचा. "शुभ सकाळ," म्हणायचा. सहाही बायका एका सुरात म्हणायच्या, "शुभ रात्री!" इतका लाजाळू की प्लेटा टेबलावर ठेवून, नोंदवही ठेवून, उलट्या पावली पळायचा.

मोजणीताई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. थंडीचे दिवस सुरू झाले होते. एका जुन्या लघुग्रहाची हजेरी घेताना तिला प्लेटच्या कोपऱ्यात आणखी एक रेघ दिसली. पापणीच्या केसाचं टोक तुटून पडावं एवढीच.

"ओरखडा असेल," दांडीबाई म्हणाली.

"ओरखड्याच्या कडा फाटक्या असतात. ही रेघ मऊ आहे."

"मग धूळ."

तिनं त्याच रात्री तासाभरानं काढलेली दुसरी प्लेट लावली. त्याच कोपऱ्यात तशीच रेघ होती, किंचित पुढं सरकलेली. धूळ काही तासाभरात ताऱ्यांमधून वाट काढत जात नाही. तिनं यादी काढून पाहिली. त्या जागी ठाऊक असलेला एकही लघुग्रह नव्हता. तिच्या हातांना घाम सुटला. घड्याळाचं पोट उघडं असतानाही जिचे हात कोरडे असायचे, तिच्या.

दुपारी रातकिडा आला. त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "कुठं? मला काही दिसत नाही."

"डावीकडं. अजून. थांबा. आता."

त्यानं रेघ फुलीवर आणून पाहिली. मग सरळ होत म्हणाला, "पाच वर्षं मी हे आकाश बघतोय, आणि ही रेघ माझ्याच हातातून गेली." दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा प्लेटा आणल्या. रेघ होती. मग चंद्र मोठा झाला, मग ढग आले. बाराव्या दिवशी एकच प्लेट मिळाली, कारण दुसरी लावेपर्यंत आभाळ पुन्हा भरून आलं.

कक्षा काढायला निदान तीन वेळची जागा लागते. ती आता हातात होती. ती शेवटची प्लेट आली त्या दुपारी खोलीत लगीनघाई उडाली होती, कारण नव्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला तार पाच वाजायच्या आत जायला हवी होती आणि तारघर टेकडीच्या पायथ्याशी होतं. शेजारची चारही यंत्रं खडखडत होती. मोजणीताई रातकिड्याच्या नोंदवहीतून वेळ वाचत होती, दांडीबाई लिहून घेत होती, परत वाचत होती, आणि तोवर ताई पुन्हा प्लेटला डोळा लावून "हो, हो, पुढं" म्हणत होती. जागा आणि वेळा तारेनं गेल्या, कक्षेचं गणित मागाहून सावकाश झालं. त्याला अकरा दिवस लागले. पहिल्या खेपेला एक ऋण चिन्ह चुकलं आणि लघुग्रह थेट सूर्याच्या पोटात गेला. दांडीबाई म्हणाली, "बरं झालं, कटकट मिटली!" पण दुसऱ्याच क्षणी तिनं नवा कागद ओढला होता. शेवटी उत्तर आलं. पृथ्वीपेक्षा सूर्यापासून अडीच पटींहून थोडा जास्त लांब, आणि एक फेरी सव्वाचार वर्षांची. पट्ट्यातला अगदी साधासुधा रहिवासी. मोजणीताईला तो आकडा एखाद्या बाळाच्या वजनासारखा वाटला. ती घरी जाईपर्यंत तोच म्हणत होती.

लघुग्रहाला तात्पुरता क्रमांक मिळाला. शोधक म्हणून नाव लागलं रातकिड्याचं, कारण नियम तसा होता. प्लेट ज्यानं काढली, शोध त्याचा. दुसऱ्या दिवशी तो खोलीत आला आणि पहिल्यांदाच पळाला नाही. टेबलाची कड धरून म्हणाला, "ताई, हे बरोबर नाही. मी मोठ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नियम आहे."

"असू द्या हो," ती म्हणाली. पण संध्याकाळी दुकानात वडिलांपुढं बसून ती मुसमुसली. वडिलांनी हातातलं काम ठेवलं. "दुरुस्ती करणाऱ्याचं नाव तबकडीवर नसतं, बाळ. पण घड्याळ चालतं ना?" तिला तेव्हा ते मुळीच पटलं नाही. रागानं ती म्हणाली, "ते घड्याळाचं झालं. मी काय दुरुस्त केलं? मी शोधलं." घड्याळजींनी मान डोलावली. "हेही खरं."

पक्का क्रमांक मिळायचा तर लघुग्रह आणखी काही खेपा दिसायला हवा होता. पृथ्वी आतल्या वाटेनं भरभर जाते, तो बाहेरच्या वाटेनं सावकाश, आणि तिला त्याला पुन्हा गाठायला जवळजवळ सोळा महिने लागतात. तेव्हाच तो नीट दिसतो. ताईनं दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या. सोळा महिन्यांनी रातकिड्यानं गणितातून निघालेल्या जागेची प्लेट काढली. ताईनं ती इंच इंच तपासली. काही नाही. पुन्हा काढली. काही नाही. मग तीन आठवडे ढग. पुढच्या खेपेलाही तेच. दूरदर्शकावर दुसरी कामं वाट बघत होती. मोठे साहेब हळूच म्हणाले, "हरवला म्हणायचा. होतं असं." यादीत त्याच्यापुढं तशी नोंद झाली.

मोजणीताईनं तो दोष मनातल्या मनात रातकिड्यावर टाकला. प्लेट अंधूक काढली असेल, डुलकी लागली असेल, दूरदर्शक नीट रोखला नसेल. तोंडानं ती कधी बोलली नाही, पण त्यानंतर तिचं "शुभ रात्री" जरा कोरडं झालं. त्या भल्या माणसाला ते कळलं असणार. त्यानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

वर्षं गेली. तिचं लग्न नकाशांच्या छापखान्यातल्या माणसाशी झालं. तो तिला म्हणायचा, "मी जमीन छापतो, तू आभाळ मोजतेस, मग घरातली चादर कोण धुणार?" आणि स्वतःच धुवायचा. मुलगा शाळेत जाऊ लागला त्या वर्षी वेधशाळेत कपाटाएवढा संगणक आला. पहिल्या वर्षी सहाच्या चार बायका झाल्या, मग दोन. एके दिवशी दांडीबाईच्या यंत्रावर कापडी खोळ चढली आणि ते तळघरात गेलं. दांडीबाई निवृत्त झाली. निरोपाला ती एवढंच म्हणाली, "खोली फार शांत झाली गं. मला शांततेची भीती वाटते." मोजणीताईला प्लेटांच्या भांडारात बसवलं. तीस हजार काचा, प्रत्येक कागदी पाकिटात. तिथं ती निवृत्तीपर्यंत राहिली. मधल्या काळात घड्याळजी गेले, रातकिडा गेला, आणि तिच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी चादरी धुणारा नवराही गेला.

खोलीची आठवण मात्र तिला वेळी-अवेळी गाठायची. दळणाच्या दुकानावरून जाताना, सायकलची घंटा वाजली की. सहा जणींचे सहा कप होते, आणि कुणाचा कप कुठला हे तिला सत्तरीतही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कुणाची टाचणी, कुणाचं खोकणं, दांडीबाईचं "परत सांग" असं ओरडणं. तेव्हा त्या ओरडण्यानं डोकं उठायचं. आता ते ऐकायला मिळावं म्हणून ती काय वाटेल ते द्यायला तयार होती.

लघुग्रह सापडल्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, तेव्हा वेधशाळेतून फोन आला. बोलणारी मुलगी जुन्या प्लेटा आणि वह्या स्कॅन करण्याच्या कामावर होती. "मॅडम, तुमचा लघुग्रह सापडलाय."

"माझा? त्याच्यावर माझं नाव नाही."

"पाकिटावर तुमचं अक्षर आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही येता का?"

ताई दुसऱ्याच दिवशी बसनं टेकडीवर गेली. मुलीनं सगळं समजावलं. गेल्या काही वर्षांत दुसरीकडच्या मोठ्या दूरदर्शकांना एक लघुग्रह वारंवार दिसत होता. त्याची कक्षा मागं मागं नेली तर तो नेमका त्या थंडीतल्या प्लेटांवर येऊन बसत होता. मधल्या काळात त्याच्या दहा फेऱ्या पुऱ्या होऊन अकरावी सुरू झाली होती.

"मग आम्हाला का नाही सापडला?" ताईनं विचारलं. चव्वेचाळीस वर्षं हाच प्रश्न होता.

मुलगी जरा घुटमळली. मग तिनं पडद्यावर दोन कागद शेजारी शेजारी लावले. एक रातकिड्याची नोंदवही. शेवटच्या प्लेटची वेळ, दोन वाजून एकोणतीस मिनिटं. स्वच्छ, सुबक अक्षर. दुसरा, गणिताचा कागद. दोन वाजून एकोणीस.

"दहा मिनिटांत तो प्लेटवर केसाच्या जाडीएवढा सरकतो," मुलगी म्हणाली. "तीनच जागा असल्या की चूक असली तरी कक्षा निघतेच, मॅडम. चूक पकडायला चौथी लागते. त्या दिवशी दुसरी प्लेट असती तर लगेच कळलं असतं. मी एकोणतीस घालून पुन्हा गणित केलं. एकोणीसच्या हिशेबानं, सोळा महिन्यांनी तुम्ही जी प्लेट तपासली तिच्या ऐन मध्यावर तो यायला हवा होता. प्रत्यक्षात तो कडेच्या बाहेर होता. बोटभर."

ताईनं पुढं वाकून ते आकडे निरखले. रातकिड्याचा दोन आणि नऊ, दोन्ही छापल्यासारखे. त्याला डुलकी लागली नव्हती. गणिताच्या कागदावरचं अक्षर दांडीबाईचं होतं.

"पाणी देऊ का?" मुलीनं विचारलं. मॅडम कधी मावशी झाली ते तिलाही कळलं नाही. "मावशी, बसा जरा."

त्याच आठवड्यात ती दांडीबाईकडं गेली. दांडीबाई ऐंशी ओलांडलेली, भाचीकडं राहायची. पाठ अजून सरळ. दोन्ही कानांत यंत्रं. ताईनं लघुग्रह सापडल्याचं सांगितलं तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. मग ताईनं कागदाची प्रत पुढं ठेवली.

दांडीबाईनं चष्मा लावला. "तू एकोणीस म्हणालीस."

"मी एकोणतीस म्हणाले."

"एकोणीस! मी परत वाचलं, तू हो म्हणालीस."

"मी ऐकलंच नव्हतं. माझा डोळा प्लेटवर होता."

"मग हो कशाला म्हणालीस, बये?"

भाची चहाचे कप ठेवून आत गेली. दांडीबाईनं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "माझा डावा कान त्याच वर्षी गेला होता. त्या यंत्रानंच नेला, पंधरा वर्षं त्याच्याशेजारी बसून. तू डावीकडं बसायचीस. मी निम्मं तुझ्या ओठांवरून वाचायचे. आणि त्या दिवशी तू खाली वाकलेली होतीस."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दांडी सुटली असती. मला घरी बसायचं नव्हतं गं. घरी होतं कोण?" तिनं कागद बाजूला सारला. "मी परत परत 'सांग, सांग' ओरडायचे ते कशाला? तुम्हाला वाटायचं, बाई चोख आहे."

ताईला राग यायला हवा होता. ती त्याची वाट बघत राहिली. पण तिला दिसत राहिली ती उंच, सरळ पाठीची बाई, गिरणीसारख्या आवाजात उजवा कान पुढं करून, कुणाला कळू नये म्हणून मान जराशी वळवून बसलेली. तिनं ते रोज पाहिलं होतं. केसाएवढी रेघ शोधणाऱ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. तिनं दांडीबाईचा हात हातात घेतला. दांडी फिरवून तळव्याला पडलेला घट्टा अजून होता.

"रातकिड्याला मी मनातून फार बोलले," ती म्हणाली.

"त्याला ठाऊक होतं. मला म्हणाला होता एकदा, ताई माझ्यावर नाराज आहेत, पण मी काय केलं ते मला कळत नाही."

हे ऐकून ताईनं डोळ्याला पदर लावला. चहा तसाच निवत राहिला.

वेधशाळेतल्या मुलीला दप्तरासाठी टिपण हवं होतं, की वेळेत चूक कशी झाली. ताईनं आपल्या बारीक अक्षरात लिहून दिलं, "नोंदवहीतली वेळ बरोबर आहे. वाचून दाखवणारीनं खात्री न करता होकार दिला. चूक वाचणारीची." खाली सही केली. मुलीनं विचारलं, "लिहून घेणाऱ्या कोण होत्या? त्यांचं काही?" ताई म्हणाली, "जे ऐकू आलं ते तिनं लिहिलं."

वर्षाच्या आत लघुग्रहाला पक्का क्रमांक मिळाला. शोध अर्थातच रातकिड्याचा. नाव काय ठेवायचं असं वेधशाळेनं ताईला विचारलं, तेव्हा तिनं त्याचं खरं आडनाव सुचवलं. तेच लागलं. रातकिड्याची लेक तिला भेटायला आली आणि म्हणाली, "बाबा घरी तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, त्या खोलीत एक बाई आहे, तिच्यापुढं प्लेट ठेवायला मला भीती वाटते." ताईला हसावं की रडावं कळेना. तिनं त्या मुलीला जेवायला थांबवून घेतलं आणि तिच्या बापाचे सगळे किस्से सांगितले.

दांडीबाई मात्र फुरंगटली. "आपल्या दोघींचं काय? धोंडे काय कमी आहेत का आभाळात?"

"तुम्हीच शोधा मग एक."

ताई आता महिन्यातून दोनदा तिच्याकडं जाते. मुद्दाम उजवीकडं बसते, आणि तोंड वर करून बोलते. परवा दांडीबाईनं विचारलं, "आत्ता कुठं असेल गं तो?" ताईनं पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. दांडीबाई एकेक आकडा परत वाचत होती, आणि ताई प्रत्येक वेळी तिच्याकडं बघून मगच हो म्हणत होती. अर्धा तास गेला.

"सूर्याच्या पलीकडं आहे," ताई शेवटी म्हणाली. "मार्चपर्यंत दिसायचा नाही."

"मार्च म्हणजे काय फार लांब नाही," दांडीबाई म्हणाली, आणि आत भाचीला हाक मारून दिनदर्शिका आणायला सांगितली.